वय सोळा, इयत्ता सातवी

जगाच्या नकाशावर क्यूबाच्या उजव्या अंगाला एक मोठे बेट दिसते. त्याचा पश्चिमेकडचा लहान तुकडा म्हणजे हैती आणि पूर्वेकडचा मोठा तुकडा म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक. लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईपेक्षाही कमी. पण या एवढ्याशा देशाने अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलला अक्षरशः वेढा घातला आहे. २०२४ चा हंगाम सुरू झाला त्या दिवशी अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, १०८ डोमिनिकन खेळाडू होते. साधारण दर नऊ खेळाडूंमागे एक! आपल्या एखाद्या जिल्ह्यातून दोन रणजीपटू निघाले तरी गावोगाव सत्कार होतात. मग तिथे काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

हे सारे आपोआप घडलेले नाही. मेजर लीगमध्ये एकूण ३० संघ आहेत आणि या तीसही संघांच्या निवासी अकादमी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आहेत. राजधानी सांतो डोमिंगो, जवळचे बोका चिका आणि पुढे सान पेद्रो दे मॅकोरिस या पट्ट्यात त्यांतल्या बहुतेक वसल्या आहेत. उंच कुंपण, हिरवीगार मैदाने, वसतिगृह, भोजनगृह, व्यायामशाळा आणि शेवटी कुठेतरी दोन-चार वर्गखोल्या. सोळा-सतरा वर्षांची मुले इथे करार करून येतात. त्यांच्या चेंडूचा वेग, धावण्याचे सेकंद, मनगटाची ताकद यांची नोंद रोजच्या रोज होते. त्या शेवटच्या दोन-चार वर्गखोल्यांत काय चालते, हा मात्र बरीच वर्षे कोणाच्या फारसा विचाराचा विषय नव्हता.

या खेळाची पाळेमुळे उसाच्या फडात आहेत, हे वाचून नगर-बीड-कोल्हापूरकडच्या वाचकाला थोडे घरच्यासारखे वाटेल. सान पेद्रो हे साखर कारखान्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि ऊसतोडीसाठी, यंत्रांवरच्या कामासाठी इंग्रजांच्या ताब्यातल्या छोट्या कॅरिबियन बेटांवरून मजूर येऊ लागले. स्थानिक लोक त्यांना 'कोकोलो' म्हणत. या मंडळींनी सोबत आणले क्रिकेट! बेसबॉलच्या या पंढरीत एके काळी कारखान्यांच्या आवारात क्रिकेटचे सामने रंगत, यावर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. त्यांची मुले-नातवंडे मात्र बेसबॉलकडे वळली. जॉर्ज बेल, अल्फ्रेडो ग्रिफिन अशी अस्सल इंग्रजी आडनावे स्पॅनिश बोलणाऱ्या देशात आढळतात, ती या मजुरांची खूण. कारखान्यांचे आपापले संघ असत. गळीत हंगाम संपला की पुढचे काही महिने कामच नसे. त्या दिवसांना तिकडे 'मेलेला काळ' म्हणतात. त्या मेलेल्या काळात जिवंत असे ते मैदान.

साधने मात्र बेताचीच. दुधाच्या रिकाम्या खोक्याचा हातमोजा, चिंध्या गुंडाळलेला चेंडू, झाडाची फांदी हीच बॅट. त्यांच्या गल्लीतल्या खेळाचे नाव आहे 'वितिया'. पाण्याच्या मोठ्या बाटलीचे झाकण फेकायचे आणि झाडूच्या दांड्याने ते टोलवायचे. लिहिताना त्याची अक्षरे 'विटिला' अशी दिसतात. आपल्या विटीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण ऐकून गंमत वाटते खरी. ते झाकण हवेत असे काही वेडेवाकडे वळते, की त्याच्यावर डोळा बसलेल्या मुलाला खरा चेंडू सोपा वाटावा.

सान पेद्रोच्या रस्त्यांवर बूटपॉलिश करणारा सॅमी सोसा हा अशाच मुलांतला. १९८५ साली टेक्सासच्या संघाने त्याला साडेतीन हजार डॉलर देऊन करारबद्ध केले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे त्याने मेजर लीगमध्ये सहाशेहून अधिक होमरन मारले. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूच्या मानाने साडेतीन हजार ही रक्कम म्हणजे चिल्लर. संघांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. सत्तरच्या दशकात एपी ग्वेरेरो या डोमिनिकन स्काउटने, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याने, राजधानीजवळ तळ उभारला आणि पुढे टोरोंटोच्या संघासाठी तिथून खेळाडू घडवले. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने राल्फ आविला यांच्या देखरेखीखाली 'काम्पो लास पाल्मास' ही अकादमी उघडली. तिथून रॅमोन मार्टिनेझचा धाकटा, किडकिडीत भाऊ पेद्रो वर आला. पेद्रो हा पुढे त्याच्या पिढीतला सर्वोत्तम पिचर ठरला आणि २०१५ साली बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. त्याचे यश पाहून इतर संघांनाही अकादमीचा मोह पडला.

या व्यवस्थेत अकादमीइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे 'बुस्कोन'. या शब्दाचा अर्थ शोधणारा. आठ-दहा वर्षांची चुणचुणीत मुले हेरायची, त्यांना मैदानावर आणायचे, गरज पडली तर आपल्याच घरी ठेवून खाऊ-पिऊ घालायचे आणि सोळाव्या वर्षी एखाद्या संघाला दाखवायचे, हा याचा धंदा. करार झाला की मिळालेल्या रकमेतला चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सासुद्धा, बुस्कोनचा. याला सरसकट दलाल म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या वस्तीत क्लब नाही, शाळेला मैदान नाही, तिथे बॅट आणि रोजची अंडी पुरवणारा हाच एक माणूस असतो. मुलाच्या बापापेक्षाही त्याचा शब्द मोठा असतो. आणि त्याचा शब्द बहुधा असा असतो, की शाळा नंतरही करता येईल.

हिशेब केला तर बुस्कोनचे म्हणणे खोटेही वाटत नाही. परदेशी मुलाशी करार करायचा तर मेजर लीगच्या नियमानुसार त्याचे वय सोळा लागते. पूर्वी या करारांचा हंगाम २ जुलैला उघडत असे. २०२१ पासून तो १५ जानेवारीला उघडतो. पण खरी बोली कितीतरी आधीच ठरलेली असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला संघ तोंडी शब्द देतो आणि दोघेही सोळा पूर्ण व्हायची वाट पाहतात. तिथल्या सरकारी शाळा पूर्वी अर्ध्या दिवसाच्या पाळीत चालत. एका पाळीत वर्ग आणि उरलेल्या वेळात मैदान, असे कसेबसे जमे. गेल्या दशकात सरकारने शिक्षणावरचा खर्च वाढवून शाळा पूर्ण दिवसाच्या करायला घेतल्या. चांगलीच गोष्ट, पण सकाळपासून मुलगा मैदानावर हवा असलेल्या बुस्कोनला ती अडचणीची. सातवी-आठवीत शाळा सुटली, तर घरी कोणी फारसे रागावत नाही. सतरा-अठरा वर्षांचा नवा मुलगा संघांच्या दृष्टीने म्हातारा असतो. मग पुस्तकासाठी वर्ष घालवायचे कोणी?

वयाला एवढे मोल आले की जन्मदाखल्यात हात मारले जाणारच. वॉशिंग्टनच्या संघाने २००६ साली एस्माइलिन गोन्झालेझ नावाच्या 'सोळा वर्षांच्या' शॉर्टस्टॉपला १४ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये उघड झाले, की त्याचे नावही ते नव्हते आणि वयही चार वर्षांनी जास्त होते. उलटेही घडले. १९९४ साली डॉजर्सनी अॅड्रियन बेल्त्रेशी करार केला तेव्हा तो पंधराच वर्षांचा होता. हे पुढे उजेडात आले आणि १९९९ च्या डिसेंबरात मेजर लीगने डॉजर्सना दंड ठोठावून त्यांचे डोमिनिकन काम एका वर्षासाठी बंद करायला लावले. बेल्त्रे मात्र २०२४ साली 'हॉल ऑफ फेम'मध्ये सन्मानाने दाखल झाला. आता हाडांच्या तपासण्या होतात, कागदपत्रांची छाननी होते, घरोघरी चौकशा होतात. वयासाठी एवढा खटाटोप. मुलगा कितवी शिकला, याची छाननी कोणी करत नाही, कारण त्याबद्दल नियमच नाही.

अकादमीतला दिवस पहाटे सुरू होतो. ऊन चढण्याआधी धावणे, ताण देण्याचे व्यायाम, मग चेंडू अडवण्याचा सराव. प्रशिक्षक शंभर-शंभर चेंडू जमिनीलगत मारतो आणि मुलगा ते उचलून पहिल्या बेसकडे फेकत राहतो. साठ यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर, धावायला किती सेकंद लागले हे घड्याळ लावून पाहतात. पिचरच्या मागे वेगमापक यंत्र धरलेले असते. ताशी ९० मैलांचा, म्हणजे १४५ किलोमीटरचा आकडा उमटला की कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांच्या वह्या उघडतात. उन्हाळ्यात 'डोमिनिकन समर लीग' भरते. १९८५ पासून चालत आलेली ही अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलची अगदी खालची पायरी. तिचे सामने सकाळीच उरकतात. दुपारी भात, राजम्यासारख्या लाल घेवड्याचे कालवण आणि मांस असे ताट असते. त्या ताटाला तिकडे कौतुकाने 'ध्वज' म्हणतात. आयुष्यात प्रथमच दोन्ही वेळा पोटभर जेवणारी मुले वर्षभरात दहा-दहा किलोंनी भरतात, हे अकादमीचे निर्विवाद पुण्य.

शिकवण कशासाठी आहे त्याप्रमाणे खेळही वाकतो. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू टप्प्याबाहेर टाकले तर बॅटर न मारता पहिल्या बेसवर चालत जातो. संघाच्या दृष्टीने ही मोठी मिळकत. पण डोमिनिकन खेळाडूंत एक जुनी म्हण आहे, की या बेटावरून कोणी चालत बाहेर पडत नाही. स्काउट समोर बसलेला असताना सोडलेला चेंडू कोणाला दिसणार? म्हणून दिसेल त्याच्यावर बॅट फिरवायची. संयम हा खेळातला मोठा गुण, आणि तोच परीक्षेला धरत नाहीत! हुआन सोतोसारखा एखादा निघतो. २०२१ साली साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक वेळा, म्हणजे १४५ वेळा, तो असा चालत बेसवर गेला आणि २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सनी त्याच्याशी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा, पंधरा वर्षांचा करार केला. सोतोने इंग्रजीही नेटाने आत्मसात केली. या दोन गोष्टींचा परस्पर संबंध आहे असे मी म्हणणार नाही. पण चेंडू सोडून देणारा मुलगा बहुधा पुस्तकही उघडत असावा, असा माझा आपला एक ग्रह आहे.

इंग्रजीचा तास हा अकादमीतला सर्वांत जुना वर्ग. त्याची सुरुवात व्याकरणाने न होता मैदानावरच्या आरोळ्यांनी होते. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघे धावत असताना एकाने 'माझा' म्हणून ओरडायचे असते. एक स्पॅनिशमध्ये ओरडला आणि दुसऱ्याला ते समजले नाही, तर दोघांची डोकी फुटायची. मग विमानतळावरचे प्रश्न, बँकेतला फॉर्म, हॉटेलात जेवण कसे मागवायचे. अमेरिकेतल्या छोट्या गावात एकाच पदार्थाचे नाव येत असल्याने आठवडेच्या आठवडे तोच खाल्ल्याच्या आठवणी कितीतरी लॅटिन खेळाडूंनी सांगितल्या आहेत. ऐकणाऱ्याला हसू येते. पण सतराव्या वर्षी, घरापासून दूर, प्रशिक्षकाने काय चूक सांगितली तेही न कळता रोज मैदानावर उभे राहणे ही हसण्याची गोष्ट नव्हे. मेजर लीगच्या प्रत्येक संघाने स्पॅनिश दुभाषा नेमलाच पाहिजे, हा नियम २०१६ साली झाला. तोवर ते काम जुन्या खेळाडूंच्या दयेवर चाले.

आपल्या देशातल्या दोघांनीही हा अनुभव घेतला आहे. २००८ साली एका स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडून करारबद्ध झाले. बेसबॉल आणि इंग्रजी या दोन्हींची मुळाक्षरे त्यांनी एकदमच गिरवली. दिनेश दोन वर्षांत मोकळा होऊन परतला. रिंकू खालच्या पायऱ्यांवर काही वर्षे खेळला आणि अखेर कुस्तीच्या तमाशाकडे वळला. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत.

न पोचणे हेच इथले सर्वसाधारण भवितव्य आहे. करार झालेल्या मुलांतली अगदी मोजकीच वरपर्यंत जातात. उरलेल्यांना एकोणीस-वीस-एकवीस अशा वयात एके दिवशी कचेरीत बोलावतात, हात मिळवतात आणि घरी पाठवतात. करारापोटी मिळालेली रक्कम तोवर घराची स्लॅब, आईचे दुखणे आणि बुस्कोनचा हिस्सा यांत गेलेली असते. अमेरिकेत खालच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या खेळाडूंची संघटना २०२२ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पगार वाढले. पण डोमिनिकन समर लीगची मुले त्या करारात आलीच नाहीत. अशा मुलाच्या हातात काय उरते? तापलेल्या खांद्याची कुरकुर आणि सातवीचा दाखला.

आता याच्या शेजारी अमेरिकन मुलाची गोष्ट ठेवून पाहा. त्याची निवड 'ड्राफ्ट' नावाच्या वार्षिक लिलावासारख्या पद्धतीने होते आणि तिथे नाव यायचे तर त्याने आधी बारावी पूर्ण केलेली असावी लागते. चार वर्षांच्या महाविद्यालयात शिरला, तर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीस वर्षांचा होईपर्यंत संघांनी थांबायचे. पुढे जमले नाही तर शिक्षणाचा खर्च संघाने द्यावा, असे कलमही अनेकांच्या करारात असते. खेळ तोच, मालकही तेच. एकाला विचारतात, बारावी झालास का? दुसऱ्याला विचारतात, सोळा झालीत का?

नियम बदलला तर काय होते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. डोमिनिकन रिपब्लिकच्या पूर्वेला समुद्राचा एक पट्टा ओलांडला की पोर्तो रिको. भाषा तीच, ऊस तोच, बेसबॉलचे वेडही तेच. पण हे बेट अमेरिकेच्या अमलाखाली. पूर्वी तिथलीही मुले सोळा-सतराव्या वर्षी थेट करारबद्ध होत. १९९० पासून पोर्तो रिकोचा समावेश ड्राफ्टमध्ये झाला. आता बारावीची अट आली. तयारीच्या मुलावर तीन-चार वर्षे खर्च करून तो ड्राफ्टमध्ये दुसऱ्याच संघाकडे जाणार असेल, तर तिथे अकादमी कोण काढेल? संघांनी पाठ फिरवली आणि पुढच्या काळात बेटावरून येणाऱ्या खेळाडूंचा ओघ आटला. डोमिनिकन मंडळी हेच उदाहरण दाखवतात आणि त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही.

पण त्याच पोर्तो रिकोत एक वेगळी गोष्टही घडली. एडविन कोरेआ हा मेजर लीगमधला पिचर. एकोणिसाव्या वर्षी तिथे पोचला आणि एकविसाव्या वर्षी खांद्याच्या दुखण्याने खेळ संपला. चालू शतकाच्या सुरुवातीला त्याने गुराबो या गावी बेसबॉल अकादमी आणि हायस्कूल एकाच छपराखाली सुरू केले. मेजर लीगनेही त्याला पैशाचा हातभार लावला. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस मैदान. गुण घसरले की मैदान बंद. मेजर लीग नाही तर निदान अमेरिकेतल्या महाविद्यालयाची शिष्यवृत्ती, हे तिथल्या पालकांना समोर दिसणारे फळ. बारावीची अट नसती तर ही शाळा कोणी काढली असती असे मला वाटत नाही.

या शाळेचा नामांकित विद्यार्थी म्हणजे कार्लोस कोरेआ. संस्थापकाचा नुसता आडनावबंधू. सांता इसाबेल या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावातल्या कष्टकरी घरातला हा मुलगा. आईवडिलांनी पडेल ती कामे केली; वडील बांधकामावर राबले. लांबच्या गुराबोला रोज जा-ये करून मुलगा शिकला आणि वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याला सगळ्यांत पहिला निवडला. असा मान मिळवणारा तो पहिला पोर्तो रिकन. करार ४८ लाख डॉलरचा झाला. पण समजा नसता झाला, तरी मायामी विद्यापीठात त्याची जागा ठरलेली होती. डोमिनिकन मुलाजवळ नसते ती ही दुसरी वाट.

डोमिनिकन अकादमींतही वारे बदलले आहे, हे सांगायला हवे. पिट्सबर्ग पायरेट्सनी २००९ साली बोका चिकाजवळ नवी अकादमी उघडली आणि खेळाडूंना माध्यमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचा ध्यास घेतला. आज अनेक संघ इंग्रजीबरोबर हिशेब, बचत, संगणक शिकवतात आणि दूरशिक्षणाच्या मार्गाने राहिलेल्या इयत्ता पुऱ्या करून घेतात. संघांना यात स्वार्थही दिसतो. खेळपट्टीची आकडेवारी वाचता येणारा, प्रशिक्षकाला उलट प्रश्न विचारणारा मुलगा लवकर शिकतो. पण दिवसभर उन्हात राबलेली मुले संध्याकाळी वर्गात बसली, तर पापण्या जड होणारच. त्यातून एकाची शाळा सहावीत सुटलेली, दुसऱ्याची नववीत. शिक्षकाने फळ्यावर अपूर्णांक लिहावा की समीकरण? अकादमीत शिकवणे म्हणजे पाच वर्षांची गळती दोन वर्षांत बुजवणे.

आपल्याकडे क्रीडा प्रबोधिनी काढताना निवासाच्या बरोबर शाळा गृहीत धरली गेली. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुणही मिळतात, त्यावरून दरवर्षी घरोघर वादही झडतात. हा वाद घालता येतो, कारण खेळाडू मुलगा दहावीला बसणार हे आपण धरून चालतो. तिकडच्या आईला तसे धरून चालता येत नाही. ती काही मूर्ख नाही. गावातल्या ज्या घराला रंग दिला आहे, ज्याच्या दारात गाडी आहे, ते घर बेसबॉलवाल्याचे, हे ती रोज पाहते. बारावी झालेला शेजारचा मुलगा मोटरसायकलवरून उतारू वाहतो, हेही पाहते.

२०२२ च्या जुलैत मेजर लीगने परदेशी मुलांसाठीही ड्राफ्ट आणण्याचा प्रस्ताव ठेवला. तोंडी सौदे, वयाची लपवाछपवी त्याने थांबेल असा दावा होता. डेव्हिड ऑर्टिझसारख्या ज्येष्ठ डोमिनिकन खेळाडूने आधीच घाई करू नका म्हणून बजावले होते. खेळाडू संघटनेने प्रस्ताव नाकारला. वाद रंगला तो रकमेवरून, कोणाला किती आणि कोण ठरवणार यावरून. बारावीच्या अटीवर तो अडलेला नव्हता.

त्यामुळे १५ जानेवारी अजूनही पूर्वीसारखाच उजाडतो. अकादमीच्या सभागृहात टेबल मांडतात. नवी टोपी घातलेला मुलगा सही करतो. शेजारी ठेवणीतल्या कपड्यांत आई, मागे बुस्कोन. फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, ज्यांना कोणी बोलावले नाही ती मुले पुन्हा बुस्कोनच्या मैदानावर धावायला येतात, आणि त्यांच्या मागोमाग अकरा-बारा वर्षांची नवी मुले, पाठीला दप्तराऐवजी बॅटची पिशवी लावून.